दोनशे चौदा नंबरचा जॉइंट

सन्माननीय अध्यक्ष बर्डेसाहेब, बढतीवर नाशिकला निघालेले आपले साइट इंजिनिअर पोफळेसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे आणि सतरंजीवर बसलेले वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाले बंधूंनो,

मी योगेश थावरा राठोड, वेल्डर. साहेबांच्या गुणांवर दोन शब्द बोलायला मला सांगितले आहे. चूक होऊ नये म्हणून लिहून आणले आहे.

सन २००० पासून कनेरगाव नाक्यावरून या पाण्याच्या पाइपलाइनचे काम चालले आहे. एवढ्या काळात साहेबांनी वेल्डिंगची काळी काच एकदाही डोळ्यांपुढे धरली नाही. धरावी कशाला? साहेबांना जीपमधूनच सगळे दिसत असे. सतरंजीवरचे धर्मसिंगमामा, हसू नका, अध्यक्ष बघत आहेत.

दोन पाइपांमध्ये काडीएवढी फट ठेवायची, तळाचा पहिला थर बारीक भरायचा, घासून मळी काढायची, मग वरचे थर द्यायचे. हे मला या लाइनवरचे जुने वेल्डर जळबाकाकांनी शिकवले. प्रत्येक जॉइंटशेजारी तो भरणाऱ्या वेल्डरचा नंबर ठोकतात. काकांचा नंबर सात.

गेल्या महिन्यात या टप्प्यातल्या दोनशे चौदा नंबरच्या जॉइंटला पाइप आखूड पडला. दोन बोटे फट राहिली. मधे नवा तुकडा बसवायला दोन दिवस लागले असते. साहेब म्हणाले, "फटीत सळई घाल अन् वरून वेल्डिंगची माळ मार. पाण्याला काय कळतंय?" मी म्हणालो, "साहेब, आतून पोकळ राहील." साहेब म्हणाले, "तुला नंबर तरी हाय का रे?"

नव्हता. माझी परीक्षा व्हायची होती. मी सळई घातली. मग साहेबांनी स्वतः हातोडी घेऊन तिथे सात ठोकला. साहेबांच्या हातून या लाइनवर झालेले हे एकमेव काम. ठसा सुबक आहे.

लाइनमध्ये दाबाने पाणी भरून बघितले तेव्हा जॉइंट गळला. जळबाकाका म्हणाले, "साहेब, मी त्या दिवशी साखऱ्याला व्हतो. पोरीचं लगीन व्हतं, तुमीच सुट्टी देल्ती." साहेब म्हणाले, "नंबर काय खोटं बोलतो?" मी चार हातांवर उभा होतो. बोललो नाही. तेवढ्याबाबत साहेब आणि मी एकाच लायकीचे.

काकांना काढले. सव्वीस वर्षे पाइप जोडणारा माणूस आज कुरुंद्याला हळद शिजवायच्या टाक्या जोडतो. त्यांची बायको, पद्माकाकू, मला एवढेच म्हणाली, "तू व्हतास ना रे तिथं?" साहेबांनी गळतीवर पत्र्याचे ठिगळ मारून घेतले, आणि आज त्यांना शाल मिळाली. शाल चांगली आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अध्यक्षसाहेब, उद्या सकाळी त्या जॉइंटवर माती पडणार आहे. त्याआधी तो कापावा, एवढी विनंती. आता मलाही नंबर मिळाला आहे, एकोणीस. तो काढून घेतलात तरी चालेल, पण सातवरचा डाग काढा. कटिंगचा गॅस मी बाहेर ट्रॉलीवर चढवून ठेवला आहे. आपण उठलात की निघू.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आभारी आहे. बोलण्यात मानपान राहिला असेल तर माफ करावे. जॉइंटमधून सळई निघाली नाही, तर मात्र माफ करू नये.