बसलेला उतरवायचा नाही

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य, व्यासपीठावरील पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत ते हेमकांत सर, सौ. मीनाकाकू आणि सभागृहातील सर्व बंधुभगिनींनो,

मी अमृत. या कॉलेजात सरांकडे नीतिशास्त्र शिकलो, तेही दुसऱ्या वर्षापर्यंतच. आता तळोद्याच्या जीप स्टँडवर नंबर लावतो. कोणती जीप आधी भरायची, कोणी कुठे बसायचं, हे पाहणं माझं काम. भाषणाची सवय नाही. लिहून आणलंय तेच वाचतो, चालवून घ्या.

सर वर्गात सांगायचे, योग्य काय ते ठरवायच्या तीन वाटा आहेत. नियम पाळा, मग काहीही होवो. किंवा ज्यात जास्त लोकांचं भलं, ते करा. किंवा अशा वेळी भला माणूस कसा वागेल, ते पाहा. परीक्षेत मी तिन्ही नीट लिहिल्या. पेपर सोपा होता, कारण समोर कोणी रडत नव्हतं.

मागच्या वर्षी होळीच्या दुपारी ड्रायव्हर सुरुपसिंगदादांची, त्या दिवसाची शेवटची जीप भरली होती. सरही तिच्यात होते, एका जुन्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर होळीला निघालेले. तेवढ्यात रूपलीबाई दवाखान्यातून नवऱ्याला घेऊन आल्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "घरी नेऊ द्या. घरीच मरू द्या."

त्यांना झोपवूनच न्यावं लागणार होतं. म्हणजे एका बाजूचं अख्खं बाक, चार माणसं खाली. आणि आमच्या स्टँडचा एकच पक्का नियम आहे: बसलेला उतरवायचा नाही. तो नसेल तर आमच्याकडे रोज मारामाऱ्या होतील.

मी सरांना विचारलं, "सर, काय करू?"

सर पिशवी घेऊन खाली उतरले. म्हणाले, "माझी जागा माझी होती, ती दिली. बाकीच्यांच्या जागा माझ्या नाहीत."

अध्यक्ष महोदय, याला उत्तर म्हणायचं का?

आणखी तिघांनी उतरायला हवं होतं. कोणी हलेना. शेवटी मीच तिघांना उतरवलं. त्यात तापीबाई होत्या, हातात नातवासाठी घेतलेले साखरेचे हार. सुरुपसिंगदादा ओरडले, "नियम बी तूच करस अन मोडस बी तूच! आते तुन्हं कोन ऐकस?"

जीप गेली. रूपलीबाईंच्या नवऱ्याने घाटातच प्राण सोडला. घर काही त्यांना दिसलं नाही.

सर खाली राहिलेल्या तिघांना आपल्या घरी घेऊन गेले. काकूंनी खिचडी टाकली. तापीबाई जेवल्या नाहीत. मी दारात उभा राहून विचारलं, "सर, माझं चुकलं का?"

"मला माहीत नाही, अमृत. इतकी वर्षं शिकवतोय, तरी माहीत नाही. पण 'मनात चांगलंच होतं' असं म्हणून झोपून जाऊ नकोस."

तेव्हापासून मला धड झोप नाही. हा सरांचाच प्रसाद.

नंतर ड्रायव्हर मंडळींची बैठक झाली. पुन्हा कोणाला उतरवलंस तर स्टँड सोडायचं, असं मला बजावण्यात आलं. त्यांचंही चूक कसं म्हणू? ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही, त्याच्या नंबरला कोण मानेल?

यंदाच्या होळीला सर घरी सामान बांधत होते. स्टँडवर निर्णय घ्यायला मी एकटाच. तापीबाई आल्या. जीपच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाल्या, "काय रे नंबरवाल्या, बसू, का परत उतरवशील?"

भरत आलेली जीप ऐकत होती. स्टेअरिंगवर सुरुपसिंगदादाच होते. "नाही उतरवणार, आजी," एवढं म्हटलं असतं की सगळं मिटलं असतं. जिभेवर आलंही होतं.

मी म्हणालो, "बसा, आजी. पण शब्द देता येणार नाही."

दादांनी जोरात हॉर्न वाजवला.  तापीबाई आत गेल्या, पुन्हा मागे आल्या, दाराशी बसलेल्या एका पोराला सरकवलं आणि तिथेच बसल्या.

"इथून उतरायला बरं," म्हणाल्या.

त्या दिवशी कोणी आजारी आलं नाही. पण त्या उत्तरामुळे माझं काम राहणार की जाणार, हे बैठकीत अजून ठरायचंय. मी दमलोय सर, पण उद्या सकाळी स्टँडवर आहेच.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. सर, उद्या तुम्ही काकूंसह कायमचे गावी, कोरीटला निघाल. पहिल्या जीपमध्ये तुमच्या दोन जागा ठेवल्या आहेत.

दाराजवळच्या.