राणूआबांचा दोर

मंडळी, सकाळचं ऊन विहिरीत कसं उतरतं, पाहिलंय कधी? आधी काठाच्या दगडाला नुसतं शिवतं. मग भिंतीतल्या पिंपळाच्या रोपाला हात लावत, कपारीतल्या पारव्याला जागं करत खाली, अगदी खाली. घाई नाही, गाजावाजा नाही. आणि तळाशी पोचलं, की जे आहे ते दाखवतं! आता सांगा, माणूस पार बदलला, चांगला झाला, तर त्याचं मागचं फिटतं का? माना डोलवू नका, आधी ऐका!

हैबती नावाचा एक भित्रा जीव. पाल चुकचुकली तरी अंगणात पळायचा! गावविहिरीचा गाळ काढायला त्याचा सोबती भिवसेन दोराला धरून उतरला. वर दोर धरायला हैबती एकटा. रीत अशी, की दोराचा एक वेढा काठच्या खुंटाला द्यायचा. यानं दिला नाही. अन् मधमाश्यांचं मोहोळ उठलं! पुढच्या क्षणी भिवसेन तळाशी. गेला बिचारा.

"दोर तुटला हो!" हैबती ओरडला. दोर गाळात गडप, कोण बघतो?

तो दोर वळला होता गावच्या राणूआबांनी. त्या दिवसापासून त्यांच्या हातचा कासरासुद्धा कुणी घेईना. पोळ्याला नव्या वेसणी घेऊन म्हातारा दारोदार जायचा, अन् दारं लागायची!

आणि हैबती? बदलला, मंडळी, खरोखर बदलला! जिथं कुणी उतरेना, तिथं हा उतरायचा. बुडती पोरं, पडलेली वासरं वर आणायचा. लोक पाया पडायचे. गावविहीर तेवढी टाळायचा.

एका उन्हाळ्यात तीच आटली.

"उतरतो," तो म्हणाला. "पण दोर राणूआबांचा. धरायलाही आबाच."

"मरायचंय का रे?" लोक म्हणाले.

"केवढं मन याचं!" आयाबायांनी डोळे पुसले. अन् त्यानं ते कौतुक घेतलं हो, मुकाट घेतलं!

डोळे अधू झालेल्या आबांनी खुंटाला वेढा दिला, दोनदा चाचपला. हैबती उतरला. तळाशी ऊन पोचलं होतं. फावड्याला काही अडकलं. तोच दोर! दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत. त्याच्यावर गाळ ओढला की झालं, कोण बघतंय?

मंडळी, आपल्याही गाळात असा एखादा दोर आहे ना? दुसऱ्याच्या नावावर खपवलेला? आपण पुण्य रचतो, ढीगभर रचतो, पण त्याच गाळावर! अन् ज्याचं नाव बुडालं, तो अजून दारोदार फिरतोय.

हैबती दोर खांद्यावर घेऊन वर आला. राणूआबांच्या बोटांनी पीळ ओळखला. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चाचपत गेले.

"लेकरा, हा माझाच. पण तुटलाय कुठं?"

सारं गाव काठावर उभं.

"तुटला नव्हता, आबा," हैबती म्हणाला. "मी सोडला."