फ्रान्सातला नवस

ट्रॉलीतल्या मालावरून माणसाची कुंडली मांडायची देवदत्तला खोड होती. पार्सिपनीच्या इंडियन ग्रोसरीत रांगेत त्याच्या पुढे एक जोडपं होतं आणि त्यांच्या ट्रॉलीत एकच नारळ. कोथिंबीर नाही, मिरची नाही. हा नारळ खाण्याचा नव्हे, हे त्याने ताडलं.

"केदार, ग्रीन कार्ड आलं ना? मग इथेच फोड की घरच्या देवापुढे."

"नवस तिथे बोललोय, नेत्रा. फ्रान्सच्या त्या ब्रिटनी प्रांतात."

"एका नारळासाठी फ्रान्सला जायचं? कंपनीने मीटिंगला पाठवलं होतं, नवस बोलायला नाही."

"वाट चुकलो होतो गं. तिठ्यावर शेवाळलेला दगडी क्रॉस दिसला, चारशे वर्षांचा. आपल्याकडे वेशीवर मारुती असतो ना, तसा. हात आपोआप जोडले गेले यार."

"घरचा देव मायक्रोवेव्हवर बसलाय, त्याला वर्षभर उदबत्ती नाही!"

"म्हणून तर त्याच्याकडे मागायला तोंड नव्हतं."

"आणि येशूला नारळ कबूल केलास?"

"घाईत दुसरं काही सुचेना. बूट काढून पावसात उभा होतो."

"कुणी पाहिलं?"

"एका म्हातारीने. तिला वाटलं, बुटात खडा गेलाय. बिचारीने दंड धरून आधार दिला."

"आणि नवस नाहीच फेडला तर?"

"कार्ड परत घेतलं, तर तू जबाबदार?"

नेत्राने नारळ कानाशी धरून हलवला. "हा नको. पाणी कमी आहे."

नवसाला थोतांड म्हणणाऱ्या देवदत्तचं स्वतःचं कार्ड पाच वर्षं अडकलेलं होतं. त्याने घसा खाकरला.

"सॉरी हं, कानावर पडलं. मोजेही काढायचे, की नुसते बूट?"