मुक्या नळ्या

अहो ताई, कधीपासून उभ्या आहात दारात? हाक मारायची ना. — मारली? दोनदा? मग तुमचा आवाजच नाजूक आहे. दाराला घंटी आहे, पण तीही मेली हल्ली वाजत नाही, लेकीला म्हटलं बदल, तर नुसती बघते माझ्याकडे. या, बसा. तर मामांची बंदूक द्यायची आणि नवी घ्यायची, असंच ना? परवाना नावावर झाला नाही तोच मामांची वस्तू जड झाली. नव्या सगळ्या बाहेर, लेकीच्या काउंटरवर. हलक्या आहेत, दस्ता प्लास्टिकचा, चिखल लागला तर पुसला की झालं. मी नावं ठेवत नाही हं — म्हणजे ठेवतोच, पण तिच्यासमोर नाही. बादलीसुद्धा प्लास्टिकची चांगलीच असते.

नाही, खरं सांगायचं तर नव्या वाईट नाहीत. एकीचा भाग दुसरीला बसतो, मोडला तर पाकिटातून दुसरा काढायचा. आणि ही तुमची दुनळी? हिचा एक स्क्रू दुसऱ्या बंदुकीत बसवून दाखवा. नाहीच बसणार. कुणीतरी दिवसचे दिवस कानस घेऊन बसला असेल हिच्यापुढे — हे बघा, मिटली की फट सापडत नाही, नख घालून बघा. आणि हा दस्ता, अक्रोडाचा, गाल टेकतो तिथे खोलगट तासून घेतलाय. मामा गालांनी गुबगुबीत होते का? होते ना? लाकूड सांगतं. थोडे तुमच्याकडेही आलेत, रागावू नका, तेवढाच नवा दस्ता करायचा त्रास वाचला.

तरी एक कबूल करतो, जुन्याही हल्ली पूर्वीसारख्या निघत नाहीत. वर्षभरात तीन आल्या, एकीपेक्षा एक देखण्या, आणि तिन्हींच्या नळ्या मुक्या. मुक्या म्हणजे — या दोन नळ्या मध्ये पट्टी घालून डाखाने, म्हणजे वितळलेल्या धातूने, जोडलेल्या असतात. टांगून ठोकल्या की घंटेसारख्या घुमल्या पाहिजेत. नुसतं थड्ड झालं तर समजायचं डाख सुटलाय, आत गंज धरलाय, बंदूक बाद. त्या तिघांना मी तोंडावर सांगितलं, रीतसर सह्या घेतल्या आणि नळ्या करवतीने मधोमध कापल्या, पुन्हा कुणी बार उडवायला नको. त्या काय, कोपऱ्यात पडल्यात. एक त्या गोदामाच्या पहारेकऱ्याची होती, त्याच्या वडिलांची. एवढा आडदांड माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. लेक म्हणते, बाबा, तपासणीला मशीन घेऊ या, तुम्ही आराम करा. म्हटलं, चाळीस वर्षं हा कान तपासतोय, ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी हे टेबल तुझं. त्यावर ती गप्प बसली — किंवा काहीतरी पुटपुटली. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडातच बोलतात.

थांबा, वाजवूनच दाखवतो. नळ्या अशा काढायच्या, दोरीचा फास घालायचा. एरवी मी त्या छताच्या हुकाला टांगतो, पण तुम्हाला जवळून बघता यावं म्हणून आज माझ्या बोटालाच. आता कान द्या. — अरेरे. ऐकलंत? थड्ड. हीही गेली. वाईट वाटतं ताई, पण मी गिऱ्हाइकाला खोटं — हसताय काय? — काय? वाजली? मामांवरच्या मायेपोटी काहीही सांगू नका. हे घ्या, पुन्हा मारतो.

तुम्ही दचकलात. मी बघितलं, दचकलात तुम्ही. आणि हे बोट — बोटाला मुंग्या येताहेत माझ्या. दोरी थरथरतेय. अजून थरथरतेय. बोलू नका जरा. आता असं करा, मी मारतो, तुम्ही हात वर धरा, आवाज विरला की खाली घ्या. — हं. — अजून वरच? — अजून?

बास. घ्या खाली. एवढा वेळ घुमते ही, आणि मला ठोक्यापलीकडे काही नाही. काही नाही हो, बसलोय ना मी, पाणीबिणी नको. त्या कोपऱ्याकडे नका बघू. पहारेकऱ्याने नवी घेतली ना लेकीकडून, भेटला की म्हणतो, हलकी आहे उस्ताद, छान आहे. भला माणूस, माझं मन राखायला म्हणतो. त्याच्या वडिलांच्या नळ्या धड होत्या की नव्हत्या, आता कुणाला विचारू? कापलेल्या काय वाजणार? भीती वाटतेय ताई, खरंच भीती वाटतेय, त्याच्यापुढे उभं राहून हे सांगायची. पण सांगावं लागेल. बाकीच्या दोघांनाही.

ही घ्या तुमची, फडक्यात नीट गुंडाळा. जोडकाम धड आहे, कुणी काही म्हटलं तरी कापू देऊ नका. बाकीची तपासणी लेक करेल. तिला जरा आत पाठवा, म्हणावं बाबा टेबल आवरताहेत. आणि तिला सांगा, मोठ्याने बोल — नाही, ते नका सांगू, ती मोठ्यानेच बोलत असणार बिचारी. अजून एक काम. दार उघडलंत की मागे वळून बघा माझ्याकडे, घंटी वाजली तर नुसती मान हलवा.

हलवली. बरं. या आता.