बटण दाबेपर्यंत थांबलेली खिडकी

आजच्या या घरगुती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव माननीय केशवरावजी हटवार, ज्यांनी आत्ताच माझ्या खांद्यावर शाल घातली ते प्राचार्य श्यामराव सर, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले रसायनशास्त्राचे खेमराज सर, समोरचे सर्व शिक्षक आणि कर्मचारी बंधुभगिनी, खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या भिंतीशी उभे असलेले पालक, आणि माझ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो. आपणा सर्वांना साधना मेश्रामचा सविनय जय भीम आणि नमस्कार.

सुरुवातीलाच एक परवानगी मागते. ही शाल मी घडी करून खुर्चीवर ठेवते. यात सत्काराचा अनादर नाही. पण एप्रिलच्या शेवटी भंडारा जिल्ह्यात शाल पांघरून बोलायचं म्हणजे वक्त्याचीच परीक्षा, आणि पंखाही केव्हापासून नुसता फिरल्यासारखं करतो आहे.

प्राचार्य सरांनी आपल्या भाषणात एक वाक्य हळूच टाकलं. समारंभ निरोपाचा असला तरी आम्ही मॅडमचा राजीनामा मनाने स्वीकारलेला नाही, पदाचा प्रस्ताव वर गेलेला आहे, तेव्हा मॅडमनी आणखी एक सत्र थांबावं. त्यावर टाळ्याही पडल्या. अध्यक्ष महोदयांनी मान हलवली. मान हलवणं आणि मान्य करणं यांत थोडं अंतर असतं, हे मला आता कळायला लागलं आहे. पण सरांनी सगळ्यांसमोर विचारलं आहे, तर उत्तरही सगळ्यांसमोर देईन. बसण्याच्या आधी देईन. तोवर थोडं ऐकून घ्या.

पालकांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. मी या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढ्यांचं मानधन, उन्हाळ्यात घरी, आणि पाऊस लागला की पुन्हा नवीन अर्ज, नवीन मुलाखत. मुलाखतीत मला दर वर्षी माझं नाव विचारतात. विचारणारे दर वर्षी तेच असतात. मी वरठीहून स्कूटीवर येते, संगणकाची प्रयोगशाळा उघडते आणि मुलांच्या चुका काढत बसते. तक्रार म्हणून सांगत नाही. माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आज जाता जाता तरी कोणाला कळावं, एवढंच.

तर ही गोष्ट याच वर्षीची आहे. आपल्या अभ्यासक्रमात सी भाषेत चित्र काढायचे प्रोग्राम आहेत. ते ज्या फाइलच्या भरवशावर चालतात तिचं नाव ग्राफिक्स डॉट एच. ही फाइल माझ्या लग्नाच्या आधीची आहे. जुन्या संगणकांवर निळ्या पडद्याचा जुना कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, होता, त्यावर ती गुमान चालायची. दिवाळीनंतर नवे संगणक आले. अध्यक्ष महोदयांनी फीत कापली, नारळ फोडला, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी मुलं बसली तर जुना कंपायलर त्या नव्या यंत्रांवर उघडायलाच तयार नाही. नवीन कंपायलर टाकला, तर त्याला ग्राफिक्स डॉट एच हे नावसुद्धा ओळखीचं नाही. परीक्षा जवळ आलेली आणि एकाही मुलाच्या पडद्यावर एक रेघ उमटत नव्हती.

मला सुचवण्यात आलं की मॅडम, मागच्या वर्षीच्या मुलांच्या चित्रांचे प्रिंट आहेत ना, तेच जर्नलमध्ये चिकटवून टाका. कोणी सुचवलं ते सांगत नाही, पेढे सगळ्यांनी मिळून खाल्ले आहेत. बहुतेक मुलांनी चिकटवले. त्यांना तरी काय बोल लावायचा?

एका मुलीने मात्र चिकटवले नाहीत. ती रंजू. अड्याळच्या पलीकडून एसटीने येते. तिचे वडील धनीरामभाऊ तलावात मासे धरतात, ते आज मागे उभे आहेत, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्या पोरांनी पडद्यावर धावणारी मोटार काढायचं ठरवलं होतं, दर वर्षी तीच मोटार धावते. रंजूने तलाव काढला होता. त्यात डोंगा, डोंग्यात एक माणूस, आणि तो फेकतो ते जाळं. हातातून सुटल्यावर जाळं हवेत कसं उघडतं, तेवढंच दाखवायचं होतं तिला. सगळं लिहून तयार होतं, दिसत मात्र काहीच नव्हतं. तिला म्हटलं, रंजू, तूही प्रिंट चिकटव, मार्क जातील. ती म्हणाली, "मॅडम, थे चित्र दुसऱ्याचं हाय. माह्या बापाचं जाळं त्याच्यात कुठी हाय?"

मग आम्ही दोघी बसलो. दुपारी तास संपल्यावर, वीज असेल तोवर.

मुलांना मी नेहमी सांगते की पडद्यावर चुकांची रांग लागली की शेवटची वाचू नका, वर जा आणि पहिली वाचा. शेवटची डोळ्यांसमोर असते म्हणून सगळे तिलाच धरून बसतात, पण बाकीच्या बहुतेक पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात. रंजूची पहिली चूक साधी होती, फाइलच सापडत नव्हती. ती मिळवून योग्य जागी ठेवली. मग लक्षात आलं की ही नवी फाइल सी प्लस प्लसच्या वळणाची आहे, तेव्हा प्रोग्रामही त्याच नावाने जतन करावा लागला. मग तर त्या फाइलच्याच आत चूक निघाली. चौकोनाच्या चार बाजू लिहिताना कोणीतरी डावी, उजवी, पुन्हा उजवी आणि खालची असं लिहून ठेवलं होतं. वरची बाजूच नव्हती. एवढे मोठे लोक एवढ्या दूर बसून फाइल बनवतात आणि त्यांच्याही हातून वरचं राहून जातं, हे पाहून मला जरा बरं वाटलं.

ती ओळ दुरुस्त केली. कंपायलर खूश झाला. रंजूने हात जोडले. आणि मग प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर उठला. त्याने सांगितलं, अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटग्राफ. चित्राचा पडदा उघडणाऱ्या आज्ञेचं नाव इनिटग्राफ, आणि ती त्याला कुठेच सापडत नव्हती.

रंजू थकून गेली होती. म्हणाली, "मॅडम, नाव तं वरतं लिवलं हाय. कंपायलरनं वाचलं बी. मंग आता भेटून काहून नाही राहिलं?"

मी तिला समजावलं ते आपल्या कार्यक्रमांच्याच भाषेत. म्हटलं, ग्राफिक्स डॉट एच ही छापलेली पत्रिका आहे. पत्रिकेवर पाहुण्याचं नाव असलं की कंपायलरचं समाधान होतं. लिंकर हा पाहुण्याला घरून आणायला गेलेला माणूस. त्याला नाव दिलं, पण घर कुठलं ते सांगितलंच नाही, तर तो रिकाम्या हाताने परत येणार. पाहुण्यांचं घर म्हणजे लायब्ररी. लिंकरला तिचं नाव कळवावं लागतं, आणि तेही प्रोग्रामच्या नावानंतर, आधी नाही. आम्ही कळवलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, ही लायब्ररी जुळत नाही, सोडून पुढे गेलो. म्हणजे घर सापडलं, दारावर पाटीही होती, पण लायब्ररी बत्तीस बिटांची आणि कंपायलर चौसष्ट बिटांचा, दोघांचं आपसात बोलणंच होत नव्हतं. शेवटी बत्तीस बिटांचाच कंपायलर बसवला आणि एका दुपारी एकही चूक आली नाही.

पडद्यावर चित्राची खिडकी उघडली आणि लगेच मिटली. रंजूने विचारलं, "दिसलं तुमाले?" मी तेवढ्यात चष्मा पुसत होते. धावून संपलं की प्रोग्राम खिडकी मिटून घेतो, त्याला शेवटी थांबायला सांगावं लागतं. आम्ही ‘गेटच’ नावाच्या आज्ञेची एक ओळ घातली. कोणीतरी बटण दाबेपर्यंत थांब, असा तिचा अर्थ. मग पडद्यावर जाळं उघडलं आणि उघडंच राहिलं. खोटं कशाला बोलू, मी रडले. रंजू नाही रडली, ती डोंग्याचा रंग बरोबर आला का ते पाहत होती.

परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. त्यांनी रंजूचं जाळं पाहिलं, चहाला गेले, परत आले, तरी ते पडद्यावर तसंच. त्यांनी विचारलं, हँग झालं का? ती म्हणाली, "नाही सर, थांबून राहिलं हाय. कोणी बटण दाबलं का जाते." ते हसले आणि त्यांनी चांगले मार्क दिले.

इथवर गोष्ट गोड आहे. मी इथेच थांबले असते तर अध्यक्ष महोदयांचा चहाही वेळेवर झाला असता. पण परीक्षकांच्या सहीनंतर जर्नलच्या प्रमाणपत्रावर विभागप्रमुखाची सही लागते. आमच्या विभागाच्या दारावर फलक आहे. विभागप्रमुख, प्रा. साधना मेश्राम. तपासणी समिती यायची होती तेव्हा तो घाईने रंगवून घेतला होता. समिती आली, फलक वाचून गेली. पण सहीचा अधिकार तासिकेच्या माणसाला नाही, म्हणून दर वर्षी सगळी जर्नलं खेमराज सरांकडे जातात. सरांचा यात काही दोष नाही, त्यांना स्वतःच्या बाटल्या आणि परीक्षानळ्या काय कमी आहेत?

रंजू सही घेऊन परत आली. दारात उभी राहून तिने फलक वाचला, जर्नल वाचलं, आणि मला विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, शिकवलेलंच विचारत होती. "मॅडम, पत्रिकेवर नाव तुमचं हाय. मंग सही आणाले दुसऱ्याच्या घरी कायले जा लागते?"

मी प्रयोगशाळेला कुलूप लावलं. त्या दिवशी घरी गेले. माझे यजमान अश्विन प्लांटमधून पहिली पाळी करून आले होते. त्यांना म्हटलं, अहो, मी इतकी वर्षं शेवटची चूक दुरुस्त करते आहे. या वर्षी तास कमी दिले, चला, जुळवून घेऊ. मानधन उशिरा आलं, चालेल, येईल. फलकावर तर नाव आहे ना, मग पुढेमागे होईल. वर जाऊन पहिली चूक मी कधी वाचलीच नाही. पहिली चूक ही की नाव छापून झालं आणि त्या नावामागे कोणी काही ठेवलंच नाही. अश्विन म्हणाले, "मले तं केव्हाचं दिसून राहिलं होतं. तू थकशीन तेव्हा सांगशीन म्हणून थांबलो." तर मी थकले. रागावलेली नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

आता प्राचार्य सरांना उत्तर देते. सर, आपण आणखी एक सत्र म्हणालात आणि मनापासून म्हणालात, हे मी जाणते. पण रंजूची ती खिडकी आठवा. चित्र पूर्ण झालेलं, प्रोग्राम चालू, बिघाड काहीच नाही, फक्त बाहेरून कोणीतरी येऊन बटण दाबेल म्हणून थांबलेला. इतकी वर्षं मी तशी थांबले होते. आणि बटण काय, माझ्याही हाताशी होतं. आज ते मी दाबते आहे. मी थांबणार नाही, सर.

पुढे काय करणार, असं सगळे विचारतात. अजून ठरलेलं नाही. आधी एक आठवडा दुपारची झोपणार आहे.

फलकावरचं माझं नाव आज सकाळीच थिनरने पुसलं. पुसताना रंजू आली, म्हणाली, मॅडम, द्या, मी पुसतो. तिला म्हटलं, राहू दे, ही चूक माझी मलाच काढू दे. फलक आता कोरा आहे. पुन्हा त्यावर कोणाचं नाव घालाल तेव्हा, अध्यक्ष महोदय, आधी त्या माणसाची सही चालते का तेवढं पाहून घ्या.

या महाविद्यालयाने मला रंजूसारखी मुलं दिली, खेमराज सरांसारखे सहकारी दिले, त्यांचं ऋण मोठं आहे. धनीरामभाऊंनी मुलीला एसटीचा पास काढून दिला नसता तर हे जाळं पडद्यावर उघडलंच नसतं, त्यांचे आभार. आपण सर्वांनी उकाड्यात इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल आपलेही आभार. बोलताना कोणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. फक्त घरी गेल्यावर माझं शेवटचं वाक्य धरून बसू नका. वर जा आणि पहिली चूक वाचा.