काका सोडून सर्वांना

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आणि लॅपटॉप घेतलेली त्यांची मुलगी बसली होती. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं. माझ्याही होतं, त्यामुळे मला ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

“बाबा, पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या आमच्या प्रोग्रॅममध्ये आकडे वाचणारा कोड तुमचा आहे. पण तो वापरायचा तुमचा लेखी परवानाच नाही. संध्याकाळी नवी आवृत्ती निघतेय, त्याआधी तो काढावा लागेल.”

“बापाचा कोड वापरायला परवाना?”

“आम्ही तो जगभर फुकट वाटतो. तुम्ही सगळ्यांचे बाप नाही.”

“बरं, लिही. कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. फक्त तुझ्या काकाने वापरू नये.”

“एकालाही वगळलं तर तो मुक्त परवाना राहत नाही, आणि तसा कोड आम्हाला ठेवता येत नाही.”

“एकालाच तर वगळतोय. बाकी सगळं जग मोकळं आहे की.”

“काकांनी केलंय तरी काय?”

“माझ्या कोडला खेळणं म्हणाला. चारचौघांत.”

“बाबा, दुसऱ्याचा कोड घालायला माझं मन होत नाही. मी आकडे तुमच्याकडूनच शिकले.”

“हे गोड बोलणं तुझ्या आईकडून आलंय.”

“काढू का अट?”

“परवान्यात माझं नाव असतं?”

“असतं. प्रोग्रॅम जिथे जाईल तिथे जातं. कोणालाही ते काढायची मुभा नाही.”

“काकालासुद्धा?”

“काकांनासुद्धा.”

“मग काढ अट. आणि प्रोग्रॅम आधी त्याला पाठव.”