आईची बाजू

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे.

"बाबा, आधी खोके उघडून बघा म्हटलं होतं. दोन्ही शॉकअप डावीकडचेच निघाले!"

"पण डावा बसवला की नाही घरच्या घरी? तोही स्प्रिंगसकट! मेकॅनिकने तोंडात बोटं घातली असती."

"बसवला खरा, पण गाडी कलली ना! आईच्या बाजूला नवा, ताठ. तुमच्या स्टिअरिंगकडे तोच जुना, खचलेला."

"तुझी आई वर आणि मी खाली. घरात तरी वेगळं काय असतं?"

"म्हणून तर खूश आहे ती! म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांचं टक्कल वरून दिसलं. बघा, अजून गाडीतच बसलीय. उतरायचं नाव घेत नाही."

दुकानदाराने उजवा शॉकअप काउंटरवर ठेवला.

"हा घ्या बदलून. आजच बसवणार ना?"

"छे हो, आज कुठला! आज तिला चारही बहिणींच्या दारावरून मिरवून आणायचंय."